स्पेक्ट्रम ४८के नव्याने बांधताना: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

काय करायचं ते आधी स्वच्छ लिहून ठेवते. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, एप्रिल १९८२ मध्ये आलेलं घरगुती संगणकाचं यंत्र, आज मिळणाऱ्या सुट्या भागांतून नव्याने बांधायचं. प्रोसेसर खरा झेड८०, रॅम आजच्या काळातली. मूळ यंत्रात चित्र, कीबोर्ड, टेप आणि आवाज असं सगळं एकटीने सांभाळणारी फेरांटीने बनवलेली यूएलए चिप होती. तिच्या जागी एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं आखून घेता येणारी चिप.

या कामात तीन वाटा आधीच मळलेल्या आहेत. पहिली एम्युलेशनची, म्हणजे जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल. रेट्रो गेम्सचं २०२४ मधलं 'द स्पेक्ट्रम' बाहेरून रबरी बटणांसकट हुबेहूब आहे. आत एआरएम प्रोसेसर आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर. दुसरी वाट स्पेक्ट्रम नेक्स्टची. तिथे सगळं यंत्रच एफपीजीएमध्ये उतरवलंय. १९८२ च्या स्पेक्ट्रमला रूप देणारे रिक डिकिन्सन यांनीच नेक्स्टची पेटीही आखली. २०१८ मध्ये ते गेले आणि यंत्र लोकांच्या हातात पोचलं २०२० मध्ये. तिसरी वाट ख्रिस स्मिथ यांच्या हार्लेक्विनची: यूएलएच्या आत काय चालतं ते खोलात जाऊन शोधायचं आणि तेच काम ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक चिपांकडून करून घ्यायचं.

माझी वाट दुसरी आणि तिसरीच्या मधून जाते. एम्युलेशनला मी कमी लेखत नाही. जुने प्रोग्राम आज इतक्या लोकांना चालवता येतात ते त्याच्यामुळेच. पण एम्युलेटरमध्ये बस, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या तारांचा जुडगा, नसते. ए१४ ही पत्त्याची तार नसते, तिच्यावर प्रोब लावता येत नाही, मागच्या कनेक्टरला जुनं काही जोडता येत नाही. मला ती तार हवी आहे.

१२ जानेवारी

झेड८० चा साठा करून ठेवला. झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की झेड८४सी०० मालिकेचं उत्पादन थांबवणार, आणि शेवटच्या ऑर्डरी जूनच्या मध्यापर्यंत घेतल्या. १९७६ पासून चालत आलेली चिप. आता बाजारात आहे तो उरलेला माल, किंवा जुन्या बोर्डांवरून उतरवलेला, वरचं नाव घासून नवं छापलेला. आलेली प्रत्येक चिप मी एका छोट्या बोर्डावर तपासते: डेटा बसवर सगळीकडे शून्य दिलं की प्रोसेसर नुसते 'नॉप' (काहीच न करण्याची आज्ञा) वाचत सुटतो आणि पत्त्याच्या तारांवर एक मोजणी सुरू होते. सीमॉस (नंतरच्या, कमी वीज खाणाऱ्या बनावटीची) म्हणून विकलेली चिप खरंच सीमॉस आहे का हे ओळखायला क्लॉक (प्रोसेसरला ठोके देणारा सिग्नल) पूर्ण थांबवायचा आणि निवांत वेळाने पुन्हा सुरू करायचा. खरी सीमॉस चिप जिथे थांबली होती तिथूनच पुढे जाते. जुनी एनमॉस असेल तर तिची स्थिती तोवर विरून गेलेली असते.

पुढच्या काळाचाही विचार करायला हवा. डॅनियल वॉलनर यांचा टी८० हा झेड८० चा मोकळा कोअर, म्हणजे एफपीजीएत उतरवता येणारी त्याची रचना, अनेक प्रकल्पांत वर्षानुवर्षं चाललाय. माझ्या एफपीजीएमध्ये त्याच्यापुरती जागा राखून ठेवतेय. खऱ्या चिपा संपल्या तरी हा बोर्ड बंद पडता कामा नये.

२ फेब्रुवारी

आज व्होल्टेजचा विषय. झेड८० चालतो ५ व्होल्टवर, एफपीजीए ३.३ वर. ५ व्होल्टचा सिग्नल एफपीजीएत थेट गेला तर तिचा पाय (पिन) जळतो, म्हणून प्रोसेसरकडून येणाऱ्या तारांवर ७४एलव्हीसी२४५ ही मधली बफर चिप. ती ३.३ वर चालते आणि ५ व्होल्ट सहन करते. उलट दिशेला फारशी अडचण नाही, कारण सीमॉस झेड८० ला 'एक' कळायला २.२ व्होल्ट पुरतात.

अपवाद क्लॉकचा. डेटाशीट नीट वाचणाऱ्यालाच हे दिसतं: क्लॉकच्या पायाला पुरवठ्यापेक्षा फार तर ०.६ व्होल्ट कमी चालतात, म्हणजे किमान ४.४ हवेत. एफपीजीएचे ३.३ इथे तोकडे पडतात. काही चिपा तेवढ्यावरही चालतात, आणि धोका तिथेच आहे. टेबलावर चालणारा बोर्ड पेटीत तापल्यावर अधूनमधून अडकेल आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधला जाईल. म्हणून फक्त क्लॉकसाठी ५ व्होल्टवरची एक वेगळी एचसीटी गेट टाकली. सिंक्लेअरच्या बोर्डावरही यूएलएचा क्लॉक एका ट्रान्झिस्टरमधून प्रोसेसरकडे जातो. त्या काळी त्यांनाही हीच तार वेगळी सांभाळावी लागली होती.

१६ फेब्रुवारी

पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) फायली पाठवल्या. चार थर, आतले दोन ग्राउंड आणि पुरवठ्याचे.

९ मार्च

बोर्ड आले, चिपा बसल्या, आणि पडद्यावर लाल उभ्या रेघा दिसल्या!

ज्यांनी स्पेक्ट्रम चालू होताना बारकाईने पाहिलाय त्यांना या रेघा ओळखीच्या असतील. रॉम, म्हणजे यंत्राचा कायमचा प्रोग्राम असलेली चिप, जागी झाली की आधी रॅम तपासते. वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा भरते. पडद्याची रॅमही त्यातच येते, त्यामुळे रंगाच्या बाइटमध्ये २ म्हणजे काळ्यावर लाल, आणि चित्राच्या बाइटमध्ये २ म्हणजे आठ ठिपक्यांतला उजवीकडून दुसरा पेटलेला. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात एक बारीक लाल रेघ. मग रॉम खालून वर जात प्रत्येक बाइट दोनदा एकाने कमी करते आणि शून्य आलं का ते पाहते, तशा रेघा पुसल्या जातात. जिथे उत्तर चुकतं तिथे रॅम संपली असं ती धरते. १६के आणि ४८के दोन्ही यंत्रांत एकच रॉम चालायची ती यामुळे.

मागोमाग पांढरा पडदा आणि तळाशी १९८२ ची सिंक्लेअर रिसर्चची ओळ. ती ओळ रॉममधून आली, झेड८० ने वाचली आणि मी लिहिलेल्या यूएलएने रंगवली. बराच वेळ नुसतं पाहत बसले.

रॉमबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवते. अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकांचा व्यवसाय घेतला आणि रॉमचे हक्क तिकडे गेले. पुढे त्यांनी एम्युलेटरांसोबत रॉम वाटायची मुभा दिली, हक्काची ओळ पुसायची नाही या अटीवर. ही मुभा एम्युलेटरांसाठी आहे, म्हणून माझ्या फायलींमध्ये रॉम नसेल. बोर्डावर सॉकेट आहे, ज्याची त्याने आपली चिप बसवावी.

२३ मार्च

चित्र आता एचडीएमआयवर. यातला हिशेब मला इतका आवडला की तो सविस्तर लिहिते.

स्पेक्ट्रमची एक ओळ २२४ टी-स्टेटची, म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकचे २२४ ठोके. अशा ३१२ ओळी, एकूण ६९,८८८ ठोक्यांची एक फ्रेम. ३५ लाखांना तेवढ्याने भागलं की सेकंदाला ५०.०८ फ्रेम येतात. टीव्हीचं प्रमाण नेमकं ५०. फरक क्षुल्लक वाटतो, पण नेमक्या ५० वर चित्र पाठवलं तर बारा-तेरा सेकंदांनी एक फ्रेम गाळावी लागते, आणि सरकत्या पटाचा खेळ तिथे एक उचकी देतो. शिवाय फ्रेम साठवून पाठवायची म्हणजे बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत उशीर वाढतो.

५७६पी या प्रमाणात ६२५ ओळी असतात, प्रत्येक ३२ मायक्रोसेकंदांची. स्पेक्ट्रमची ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, बरोबर दुप्पट. प्रत्येक ओळ दोनदा दाखवली तर ६२४ ओळी होतात. ६२५ च्या जागी ६२४ पाठवल्या की फ्रेमचा दर आपोआप ५०.०८ वर येतो, मूळ यंत्राशी ठोक्याला ठोका जुळून. फ्रेम साठवायलाच नको. एका ओळीची जागा पुरते, आणि उशीर तेवढ्या एका ओळीपुरता.

आडवा हिशेबही तसाच. प्रमाणातला २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक घेतला तर स्पेक्ट्रमचा ठिपका १.९३ पट रुंद होतो, म्हणजे काही ठिपके जाड, काही बारीक. २८ मेगाहर्ट्झ घेतला तर नेमका दुप्पट. मग २५६ ठिपक्यांचे ५१२, आणि ७२० मधले उरलेले २०८ दोन्ही बाजूंच्या बॉर्डरला. उभ्या दिशेला १९२ च्या ३८४ ओळी, वर-खाली ९६-९६. प्रमाणापासून हा थोडा ढळलेला सिग्नल आहे आणि सगळे मॉनिटर तो घेत नाहीत. न घेणाऱ्यांसाठी प्रमाणशीर ५० हर्ट्झचा पर्याय ठेवलाय, पण सुरुवातीची निवड ६२४ चीच राहील. पडद्याने यंत्राशी जुळवून घ्यावं, यंत्राने पडद्याशी नाही, असं माझं मत आहे.

१३ एप्रिल

या प्रकल्पाचं खरं काम आज झालं.

मूळ यंत्रात खालची १६ केबी रॅम यूएलए आणि झेड८० या दोघांनाही लागते, कारण पडद्याचे ६,९१२ बाइट तिथेच आहेत. त्या काळच्या ४११६ चिपा दोघांना एकाच वेळी पुऱ्या पडतील इतक्या वेगवान नव्हत्या. चित्र थांबवता येत नाही, मग थांबतो प्रोसेसर. हेक्स (सोळाच्या पायात लिहिलेले पत्ते) ४००० ते ७एफएफएफ या पट्ट्यात त्याने हात घातला आणि यूएलए चित्राचे बाइट उचलत असली, की ती त्याचा क्लॉकच अडवून धरते. वरची ३२ केबी रॅम वेगळ्या चिपांत. तिथे अडवणूक नाही. (त्या ४५३२ चिपा म्हणजे अर्धा भाग खराब निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिपा. चांगला अर्धा भाग वापरून सिंक्लेअरने खर्च वाचवला.)

अडवणुकीचं गणित ठरलेलं आहे. फ्रेमच्या इंटरप्टनंतर (फ्रेम सुरू होताना प्रोसेसरला मिळणाऱ्या इशाऱ्यानंतर) १४,३३५ व्या ठोक्याला ती सुरू होते. प्रत्येक ओळीत १२८ ठोके चित्राचे, आणि त्यात आठ-आठच्या गटाने थांबायचे ठोके असे: ६, ५, ४, ३, २, १, ०, ०. उरलेले ९६ ठोके मोकळे. अशा १९२ ओळी.

माझी एसरॅम (आजची वेगवान रॅम) १० नॅनोसेकंदांची आहे आणि प्रोसेसरचा एक ठोका २८५ नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात दोघांचीही सोय कितीतरी वेळा होते. म्हणजे थांबवायचं मूळ कारणच उरलेलं नाही. ही अडवणूक काढून टाका, यंत्र वेगवान होईल, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. त्या काळच्या लोकांनी याच गणितावर कोड बसवला होता. बॉर्डरवर रंगांचे पट्टे उभे करायचे तर ओळीतल्या कुठल्या ठोक्याला पोर्टवर (बाहेरच्या भागांशी बोलायच्या पत्त्यावर) लिहायचं हे ते कागदावर मोजायचे. एका चौकोनात दोनच रंग ही यंत्राची मर्यादा. टीव्हीचा चित्र रंगवणारा किरण खाली सरकत असतानाच रंगाचे बाइट बदलून ती त्यांनी ओलांडली. वेग वाढवलात की त्यांची ही सगळी मेहनत पडद्यावर विस्कटते. म्हणून जो अडथळा भौतिक कारणाने होता तो मी आता मुद्दाम, ठोक्याबरहुकूम बांधलाय.

तपासणी अशी केली. हेक्स ६००० पासून नुसत्या 'नॉप' सूचनांची रांग लावली, आणि लॉजिक अ‍ॅनालायझरची एक तार मूळ ४८के यंत्राच्या क्लॉकवर, दुसरी माझ्या बोर्डाच्या क्लॉकवर. 'नॉप' एरवी ४ ठोक्यांची. चित्राच्या वेळेत ती आठच्या गटात सातव्या ठोक्याला सुरू होते, पुढच्या गटाच्या तिसऱ्या ठोक्याला संपते, तिथे ४ ठोके थांबावं लागतं, आणि पुन्हा सातवा ठोका. म्हणजे प्रत्येक 'नॉप'ला ८ ठोके, वेग नेमका निम्मा. अ‍ॅनालायझरवर दोन्ही तारांत तेच दिसलं: चार ठोके दातेरी, मग तेवढ्याच लांबीची उंच सपाट पट्टी, पुन्हा चार दातेरी. चित्राची ओळ संपली की दोन्हीकडे एकाच जागी पट्ट्या थांबतात आणि दात सलग होतात. मी ती नोंद पुढेमागे सरकवून फ्रेमच्या तळापर्यंत पाहिली. कुठेही फरक नाही.

एक बारकावा. काही मूळ यंत्रं तापल्यावर हे सगळं एका ठोक्याने उशिरा करतात. एम्युलेटरांमध्ये 'लेट टायमिंग' नावाचा पर्याय असतो तो यासाठी. मीही त्यासाठी एक जंपर (काढ-घाल करून पर्याय निवडायची छोटी जोडणी) ठेवलाय.

४ मे

कीबोर्ड. ४० बटणं, पाच-पाचच्या आठ अर्ध्या रांगा. पोर्ट एफईवरून वाचताना पत्त्याच्या वरच्या आठ तारांपैकी जी शून्य असेल ती रांग बोलते. मूळ यंत्रात प्रत्येक रांगेला एकच डायोड असल्याने तीन बटणं एकदम दाबली तर चौथं, न दाबलेलं बटण भुतासारखं उमटू शकतं. मी मेकॅनिकल स्विच वापरतेय, म्हणून प्रत्येक बटणाला स्वतःचा डायोड दिला आणि रांगांचे डायोड काढले. दोन्ही ठेवले असते तर दोघांवर मिळून बाराशे मिलिव्होल्टच्या आसपास पडले असते आणि एफपीजीएला 'शून्य' हे शून्य वाटलं नसतं. डायोड शॉट्की आहेत, त्यांच्यावर फार कमी पडतं.

बटणांवरच्या अक्षरांवर मात्र मी तडजोड करणार नाही. 'पी' चं बटण घ्या: बटणावर पी, PRINT आणि लाल अवतरणचिन्ह, वर हिरवं TAB, खाली लाल © चिन्ह. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये शब्द अक्षर-अक्षर टाइप होत नाहीत, एका बटणात अख्खी आज्ञा येते. ही अक्षरं पुसून कोऱ्या देखण्या टोप्या बसवल्या तर नव्या माणसाला बेसिकची पहिली ओळसुद्धा लिहिता येणार नाही. वरच्या आणि खालच्या शब्दांसाठी बटणांच्या मधली पट्टी पीसीबीचीच करून त्यावर छापणार आहे.

२५ मे

टेप. प्रोग्राम कॅसेटवरच्या आवाजातून येतो. ईअर सॉकेटमागे एक कम्पॅरेटर (सिग्नल एका पातळीशी ताडून एक किंवा शून्य देणारी चिप), बाकी काम रॉमचं. सुरुवातीच्या शिट्टीची प्रत्येक पल्स २,१६८ ठोक्यांची, मग ६६७ आणि ७३५ च्या दोन छोट्या पल्स, आणि त्यानंतर माहिती: शून्यासाठी ८५५ च्या दोन, एकासाठी १,७१० च्या दोन. ४८ केबी भरायला पाच मिनिटांना जरा कमी लागतात. शिट्टीला बॉर्डरवर लाल-निळसर जाड पट्टे, माहितीला निळे-पिवळे बारीक. हे पट्टे रॉम स्वतः पोर्टवर लिहून काढते. त्यामुळे कम्पॅरेटरची पातळी ढळली तर ते ऑसिलोस्कोपशिवायही कळतं: शिट्टीत लाल पट्टा निळसरपेक्षा जाड दिसायला लागतो. पट्टे समान होईतो प्रीसेट (पातळी ठरवणारा छोटा रेझिस्टर) फिरवला आणि फोनमधून लावलेली फाइल सहज चढली.

आवाजाचं काम त्यामानाने सोपं. पोर्टचा एक बिट, एक स्पीकर. कमोडोर ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकावर काम करणाऱ्यांचा इथे कस लागतो. त्यांच्या एसआयडी ६५८१ या आवाजाच्या चिपेमधला फिल्टर अ‍ॅनालॉग आहे आणि दोन चिपांचा सूर सारखा लागत नाही. नेमक्या कोणत्या चिपेची नक्कल करायची, इथूनच त्यांचा प्रश्न सुरू होतो.

१५ जून

मागचा कनेक्टर आणि 'तरंगती बस'. कोणीच उत्तर देणार नाही असा पोर्ट वाचला तर मूळ ४८के यंत्रात यूएलए त्या क्षणी जो चित्राचा बाइट उचलत असेल तो प्रोसेसरला मिळतो. काही खेळ याच आधारे किरण कुठे पोचलाय ते ओळखतात, म्हणून ही गोष्ट हवीच. मात्र माझ्या एलव्हीसी चिपांनी तो बाइट जोरात बसवर टाकला आणि त्याच वेळी मागे जोडलेली जॉयस्टिकही उत्तर देऊ लागली, तर दोघांची झुंज होईल. उत्तर मूळ बोर्डातच आहे. यूएलएची बाजू आणि प्रोसेसरची बाजू यांच्यामध्ये सिंक्लेअरने ४७० ओहमचे आठ रेझिस्टर ठेवले होते. यूएलएचा आवाज त्यामुळे नेहमीच मवाळ राहतो आणि बाहेरून जोरात बोलणारा जिंकतो. तेच आठ रेझिस्टर मी त्याच जागी ठेवले. केम्पस्टन जॉयस्टिक जोडली तर पोर्ट ३१ वर तिचंच उत्तर येतं, काढली तर चित्राचे बाइट. दोन्ही मूळ यंत्रासारखं.

रॉमच्या निवडीची तारही तशीच, ६८० ओहममधून. इंटरफेस १ (सिंक्लेअरचंच एक जोडउपकरण) जोडून पाहिला. पत्ता ०००८ वर तो आपली रॉम पुढे करतो आणि ०७०० वर बाजूला होतो. व्यवस्थित चाललं. एसडी कार्डवाला डिव्हएमएमसीही याच तारेवर चालतो.

२० जुलै

या महिन्यात कमोडोर ६४ अल्टिमेट जाहीर झालं. ख्रिस्तियन सिम्पसन यांच्या गटाने कमोडोर हे नाव घेतलं आणि यंत्राचा पाया म्हणून गिडियन झ्वाइत्झर यांचं एफपीजीएवरचं काम निवडलं. निवड मला योग्य वाटते. कमोडोरमध्येही चित्राची चिप प्रोसेसरला थांबवते: पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) यंत्रात ओळीला ६३ ठोके, आणि चित्राच्या दर आठव्या ओळीला व्हीआयसी-टू त्यातले ४० काढून घेते. गिडियन यांनी हे ठोके वर्षानुवर्षं तपासून बसवलेत. नाव विकत घेता येतं. हे ठोके मात्र कोणीतरी मोजावेच लागतात.

१० ऑगस्ट

दुसऱ्या आवृत्तीसाठी बदल: युएसबी-सी सॉकेट दोन मिलिमीटर बाहेर, कनेक्टरवर जुन्या उपकरणांसाठी १२ आणि उणे ५ व्होल्टची सोय, जंपरने बंद करता येईल अशी, लेट टायमिंगचा जंपर पेटी न उघडता हाताला लागेल अशा जागी.

एक काम बाकी आहे. झेड८० च्या आय रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या जागेत) हेक्स ४० ते ७एफ मधला आकडा घातला की मूळ यंत्राच्या पडद्यावर 'बर्फ' पडतो, कारण झेड८० चा रिफ्रेशचा (रॅम ताजी ठेवण्यासाठीचा) पत्ता यूएलएच्या वाचनात घुसतो आणि ती भलताच बाइट उचलते. माझ्या बोर्डावर पडदा स्वच्छ राहतो. रिफ्रेशची तार एफपीजीएपर्यंत आलेलीच आहे, त्यामुळे बोर्डात बदल नको, फक्त लॉजिक लिहायचं. मूळ यंत्रावर अ‍ॅनालायझर लावून ठेवलाय. कुठल्या ठोक्याला कुठला बाइट बदलतो ते उतरवून घेते आणि मगच लिहायला बसते.